सामाईक खर्च

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं माळ्यावरून एक जुनी सॅक खाली काढली. खाकी कॅनव्हासची, पट्टे विरलेली, एका बकलाच्या जागी सुतळी बांधलेली. तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना महिनाभर भारत फिरायचा आहे. रेल्वेची आरक्षणं, राहायच्या जागा, सगळं मोबाईलवर झालेलं. माझ्याकडून सल्ला असा काही नको होता. फक्त सॅक झटकता झटकता तिनं विचारलं, "अब्बा, तुम्ही चौघं महिनाभर एकत्र होतात. भांडलात का कधी?"

मी म्हटलं, "भांडलो की!"

"कशावरून?"

"नंतर सांगतो," म्हणून मी चहा ठेवायला उठलो. ते 'नंतर' आज आलं आहे असं समजा. तिला घरात सांगता आलं नाही ते तुमच्यासमोर सांगतो. ती ऐकत असेलच.

गोष्ट १९९४ सालची. मी मिरजेचा. वडील तंतुवाद्यांच्या कारागिरीत, घरात कायम लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. मी बी.ए. होऊन तीन वर्षं झाली होती. नोकरी नव्हती, कविता होत्या. मिरज म्हणजे जंक्शन. लहानपणी आम्ही तिथं तीनही रुंदीचे रूळ पाहिलेले, त्यामुळे रूळ दिसले की ते कुठवर जात असतील हा प्रश्न आम्हाला जन्मापासूनचा. चौघांचं ठरलं की रूळ नेतील तिथवर एकदा जाऊन यायचं.

चौघं कोण, ते सांगतो. नावं सांगत नाही, कारण नावाचीच तर ही गोष्ट आहे. एक होता हिशेबनीस, बी.कॉम., पतसंस्थेत कारकून. दुसरा पंत, कीर्तनकाराचा मुलगा, थंडी असो वा ताप, पहाटे पाचला आंघोळ करणारा. तिसरा पैलवान, तालमीतला, दोन सॅका एका खांद्यावर टाकणारा आणि डबाभर ऐकू जाईल असं घोरणारा. चौथा मी. मला ते 'शायर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्या काळी रेल्वेचं चक्राकार प्रवास तिकीट नावाचं एक नवल आम्हाला सापडलं. आजही ते मिळतं, पण फारसं कुणाला ठाऊक नसतं. निघायचं ते स्टेशन आणि पोचायचं ते स्टेशन एकच, मधला मार्ग तुम्ही आखायचा, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. अंतर वाढत जातं तसा मैलामागचा दर उतरत जातो, म्हणून तुकड्यातुकड्यानं तिकीट काढण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. आरक्षण मात्र प्रत्येक टप्प्याचं वेगळं करावं लागतं. आम्ही पुण्याला तीन खेपा घालून ते मिळवलं. पुणे ते पुणे. मध्ये भोपाळ, आग्रा, दिल्ली, अमृतसर, हरिद्वार, वाराणसी, कलकत्ता आणि पुरी. मोजा, बरोबर आठ.

निघताना प्रत्येकाच्या खिशात तीन हजार रुपये. पाठीवर सॅक, तिच्यावर वळकटी, आणि सामान बाकाला बांधायला साखळी-कुलूप. अम्मीनं भडंगाचा पत्र्याचा डबा दिला, पंताच्या आईनं शेंगदाण्याची चटणी. हिशेबनिसानं एक लाल डायरी काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'सामाईक खर्च'. त्याच्या डायरीत दोन रकाने असत. जे चौघांसाठी ते सामाईक, जे एकट्यासाठी ते ज्याच्या त्याच्या नावावर. मी मनमाडला एक जास्तीचा चहा घेतला, तो दीड रुपया माझ्या नावावर पडला. मला राग आला. पुढं आग्र्याला पैलवानानं एकट्यानं अर्धा डझन केळी खाल्ली, ती त्याच्या नावावर पडली तेव्हा मात्र मला हिशेब फार न्याय्य वाटला!

श्रोतेहो, सोबतीनं प्रवास करण्यातली पहिली गंमत ही की आठ दिवसांत माणूस कळतो. आणि पहिला त्रासही तोच. घरी चार-चार वर्षं ज्याच्याशी कट्ट्यावर बसलो, तो दात किती वेळ घासतो हे ठाऊक नसतं. रिक्षात तिघंच मावतात, चौथा नेहमी ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर. तो चौथा कोण, यावर आमचा भोपाळपासून वाद. पंताला प्रत्येक ठिकाण पहाटे पाहायचं असे, मला दुपारनंतर. हिशेबनीस चालत नेई, पैलवानाला टांगा हवा असे. कुठल्याही गावात चौघांना एकाच वेळी भूक लागली असं अठ्ठावीस दिवसांत दोनदाच झालं.

पण मग सांचीसारखी सकाळ येई. टेकडीवर आम्ही चौघंच होतो. थोरला स्तूप अशोकाच्या काळापासूनचा, हे शाळेत शिकलो होतो. तिथं आणखी एक गोष्ट कळली. बुद्धाचे दोन पट्टशिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, यांच्या अस्थी तिथल्या एका धाकट्या स्तूपात १८५१ साली कनिंगहॅम यांना सापडल्या. त्या इंग्लंडला गेल्या, परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्याच नव्या विहारात ठेवल्या गेल्या. हे दोघं बालमित्र होते. सत्याच्या शोधात बरोबर घराबाहेर पडले होते आणि ज्याला ते आधी सापडेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं, असा त्यांचा करार होता, असं बौद्ध परंपरा सांगते. पैलवान तिथं पायऱ्यांवर बसून म्हणाला, "आणि चहाचा खर्च?" आम्ही इतके हसलो की राखणदार बघायला आला.

दिल्लीत निजामुद्दीनच्या दर्ग्यात गुरुवारची कव्वाली होती. अमीर खुसरोंची कबर तिथंच, आपल्या पीराच्या पायाशी. मी थंडीनं कंटाळून उठलो, पण कीर्तनकाराचा मुलगा शेवटपर्यंत मांडी मोडायला तयार नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "आमच्या बाबांचा टाळकरी इथं असता तर!" अमृतसरला सुवर्णमंदिराच्या लंगरमध्ये आम्ही डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. तिथं पोळी दोन्ही हात पुढं करून घ्यायची असते. वाढणारा हात पाहतो, तोंड पाहत नाही. कोण, कुठले, नाव काय, काही नाही. आपल्या नामदेवांची पदं जिथं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तिथं मिरजेचे चौघे पोटभर जेवले आणि मग दोन तास भांडी घासत बसले. लाल डायरीत त्या दिवशी जेवणाचा आकडाच नव्हता.

आता भांडणाकडे येतो.

त्यानंतरच्या प्रवासात गंगाकाठच्या एका गावी आम्ही रात्री साडेअकराला उतरलो. गाडीला सहा तास उशीर, दाट धुकं, बोटं बधिर. पहिल्या ठिकाणी गेलो, तिथं खरंच जागा नव्हती, व्हरांड्यातही माणसं झोपली होती. दुसऱ्या ठिकाणी खोली होती. रजिस्टर भरताना चौथं नाव माझं आलं आणि खोली संपली. निदान आम्हाला तसं वाटलं. डिसेंबर १९९२ला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या काळात माणसं एकमेकांची नावं जरा थांबून ऐकत.

तिसरी एक धर्मशाळा मिळाली. हिशेबनीस म्हणाला, "तुम्ही थांबा, मी बघतो." तो एकटा आत गेला आणि पाच मिनिटांत किल्ली घेऊन आला. साठ रुपये, चौघांना एक खोली. आम्ही गोधड्यांत शिरलो आणि मेल्यासारखे झोपलो.

सकाळी मी अंगणात दात घासत होतो. व्यवस्थापक मागून कुणाला तरी हाक मारत होते. दोनदा मारली, तीनदा मारली. मग ते पुढं येऊन माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "अहो, तुम्हालाच बोलावतोय, गरम पाणी तयार आहे." त्यांच्या तोंडी जे नाव होतं ते हिशेबनिसाच्या धाकट्या भावाचं होतं.

मी गरम पाणी घेतलं नाही. खोलीत जाऊन सॅक भरली. हिशेबनीस म्हणाला, "अरे, रात्रीचे बारा वाजत आले होते. पैलवान थरथरत होता. मी काय करायला हवं होतं?" मी म्हटलं, "मला विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि आपण चौघं फलाटावर झोपलो असतो." मग थोडं थांबून म्हणाला, "परकं नाव नाही दिलं तुला. माझ्या भावाचं दिलं."

ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. आणि नेमकं तेच मला सहन होईना. भाऊ म्हणून मला आत घ्यायचं, पण मी जो आहे तो दाराबाहेरच ठेवायचा, हा कुठला भाऊपणा? मी बोलू नये ते बोललो. तोही बोलला. पंत मध्ये पडला तर त्यालाही ऐकावं लागलं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. एकाच डब्यात, एकाच भडंगाच्या डब्यात हात घालत, पण अबोला. सोबतीच्या प्रवासात अबोल्याइतकं जड सामान नाही. सॅक निदान स्टेशनवर उतरवता येते.

अबोला सुटला तो कलकत्त्यात, आणि तोही समजुतीनं नव्हे. पैलवानाला जुलाब आणि ताप. नव्वद किलोचा गडी, दोन दिवसांत अंथरुणाला चिकटला. लॉजच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसे, बादल्या खालून आणाव्या लागत. पंत डॉक्टरला घेऊन आला. आम्ही दोघं पाळीपाळीनं उशाशी बसू लागलो, दर पंधरा मिनिटांनी चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजू लागलो. पहाटे तीनला हिशेबनीस म्हणाला, "थर्मामीटर कुठंय?" मी म्हटलं, "तुझ्या उशीखाली." एवढंच. पण त्यानंतर अबोला ठेवायला जागा उरली नाही. औषधांचा खर्च तो डायरीत लिहू लागला तेव्हा पैलवान क्षीण आवाजात म्हणाला, "माझ्या नावावर घाल." त्यानं मान हलवली आणि लिहिलं, सामाईक.

तिथून पुरीला गेलो. लॉजच्या टेबलापाशी हिशेबनिसानं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं आणि पेन दिलं. "चौघांची तू लिही." मी पहिलं नाव माझं लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टेबलापलीकडच्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा वर करून वाचलं, 'गाव?' म्हणून विचारलं, मी 'मिरज' म्हटलं आणि त्यांनी किल्ली दिली. काहीही घडलं नाही.

श्रोतेहो, ते काहीही न घडणं मला आजवर छळतं. कारण मग त्या गंगाकाठच्या रात्रीही कदाचित काही घडलं नसतं. तिथल्या कारकुनानंही कदाचित नाव वाचून किल्लीच दिली असती. आम्हाला ते आता कधीच कळणार नाही. त्या माणसाला चांगलं वागायची संधीच आम्ही दिली नाही.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. तसा फलक दारावर आहे, ती तिथली जुनी रीत आहे आणि मी ती जाणूनच गेलो होतो. तिघं आत गेले, मी चार सॅका घेऊन बडा दांडावर, म्हणजे रथाच्या त्या रुंद रस्त्यावर बसलो. सिंहद्वाराशी पतितपावन नावाची जगन्नाथाची मूर्ती आहे. ज्यांना आत जाता येत नाही त्यांना बाहेरून दर्शन व्हावं म्हणून ती तिथं आहे. शेजारच्या फुलवाल्यानं मोडक्या हिंदीत माझी चौकशी केली. मी नाव सांगितलं, कविता लिहितो हेही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मग साल बेगला भेटून जा."

साल बेग सतराव्या शतकातला. बाप मोगलांचा सरदार, आई हिंदू. त्यानं ओडियात जगन्नाथाची भजनं लिहिली, जी आजही तिकडं घरोघर गातात. त्याला मंदिरात कधी जाता आलं नाही. कथा अशी सांगतात की, वृंदावनाहून परतताना तो वाटेत आजारी पडला, रथयात्रेला पोचेना, तेव्हा रथ त्याच्यासाठी जागचा हलला नाही. त्याची समाधी त्याच रस्त्यावर आहे आणि रथयात्रेत रथ तिथं आजही घटकाभर थांबतो. मला आपले श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले, 'योगसंग्राम' लिहिणारे. इतक्या दूर येऊन मला माझ्याच गल्लीतला माणूस भेटल्यासारखं झालं. साल बेगनं नाव बदललं नव्हतं, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. चारशे वर्षं लोक त्याला त्याच नावानं ओळखतात.

तिघं बाहेर आले. हिशेबनिसाच्या हातात मातीचं मडकं होतं, त्यात महाप्रसाद, भात आणि डाळ. पुरीचा हा प्रसाद खाताना जातपात पाळायची नाही असा तिथला दंडक. रस्त्याच्या कडेला आम्ही चौघं एकाच पानावर जेवलो. कुणी काही बोललं नाही. पैलवानानं मात्र आजारपणानंतर पहिल्यांदा दुसऱ्यांदा भात मागितला.

परतीला भुवनेश्वरहून कोणार्क एक्सप्रेस धरली. तिकीट पुण्यापर्यंतचं होतं, पण चौघांचे मिळून पैसे संपत आले होते आणि घराची ओढ लागली होती. म्हणून कुर्डुवाडीलाच उतरलो आणि मिरजेची छोटी गाडी पकडली. ती नॅरोगेजची गाडी आता राहिली नाही, त्या वाटेवर आज ब्रॉडगेज धावते. तेव्हा मात्र ती इतकी सावकाश जाई की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं सुरू करून संपवता येई. पंढरपूरला तंबोऱ्याचे भोपळे भरलेली पोती चढली. वडिलांच्या कारखान्याचा माल. म्हणजे घर जवळ आलं.

सांगोल्याच्या पुढं हिशेबनिसानं शेवटचा हिशेब करायला डायरी उघडली. मी शेजारून पाहत होतो. पानं उलटता उलटता ती तारीख आली. 'धर्मशाळा, खोली, ६० रुपये.' बाकी प्रत्येक मुक्कामाचं भाडं सामाईक रकान्यात होतं. हे एकच त्यानं स्वतःच्या नावावर लिहिलं होतं. पुढं काही टीप नाही, खूण नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

आणि आता, मुली, तुला घरात सांगता आलं नाही ते सांगतो. त्या रात्री हिशेबनीस आत गेला तेव्हा मी खिडकीखालच्या नळावर पाय धूत होतो. आतून आवाज आला, "चारों के नाम?" त्यानं पहिली तीन नावं भराभर सांगितली. मग तो थांबला. ते थांबणं मी ऐकलं. मी एक पाऊल पुढं टाकून माझं नाव स्वतः सांगू शकलो असतो. मी नळ जोरात सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. सकाळी मला जो राग आला त्यातला निम्मा माझा माझ्यावरचा होता, आणि तो सगळा मी त्याच्यावर काढला.

गाडीत मी त्याच्या हातातलं पेन घेतलं. ६० या आकड्यावर काट मारली आणि सामाईक रकान्यात लिहिलं, दरडोई १५. त्यानं वाचलं, डायरी मिटली. तेव्हाही मी नळाची गोष्ट सांगितली नाही. आज तोही हे भाषण ऐकत असेल तर त्याला आत्ताच कळतं आहे.

घरी पोचलो तेव्हा वडील तंबोऱ्याची जवारी काढत होते. त्यांनी विचारलं, "जमलं का रे चौघांचं?" मी म्हटलं, "मधूनमधून." ते म्हणाले, "तंबोऱ्याच्या तारा चारच असतात, तरी रोज लावाव्या लागतात," आणि पुन्हा कामाला लागले.

आम्ही चौघं त्यानंतर कधी एकत्र लांबच्या प्रवासाला गेलो नाही. संसार, नोकऱ्या, पाठदुखी. पण एकमेकांच्या घरची सुखदुःखं चुकवली नाहीत.

मुली, तुम्ही चौघी निघाल्या आहात. तुमचं ओळखपत्र आधीच मोबाईलवर गेलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याचं नाव लिहायची सोय तुम्हाला नाही. पण थांबायचे प्रसंग येतील. कुणीतरी तुमच्यातल्या एखादीबद्दल काही विचारील आणि उत्तर द्यायला दुसरी पुढं होईल. तेव्हा जिच्याबद्दल विचारलं असेल तिनं स्वतः बोलावं आणि बाकीच्यांनी तिच्या शेजारी उभं राहावं. रात्री साडेअकरा वाजले असले तरी. फार तर फलाटावर झोपाल. फलाटाचं भाडं सामाईक असतं, आणि तसं ते काहीच नसतं.

हिशेबाची वही एकच ठेवा. आठवड्यात एक दिवस चौघींनी चार दिशांना जावं आणि संध्याकाळी भेटावं. आणि सॅकच्या त्या सुतळीवर फार भरवसा ठेवू नकोस, ती मी कलकत्त्यात बांधली आहे.